तवसाळच्या फेरीवर

साडेसहाला मिरकरवाड्यातून निघालो चौघं,
बर्फाच्या कारखान्यातली स्टोअर, डिस्पॅच आणि हिशेबाची माणसं,
हर्णैच्या डेपोतला साठा मोजायला.
गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं,
पॉडकास्ट मात्र तन्वीर होडेकरचा.
"गाणी नकोत आज," म्हणाला, "जरा शहाणे होऊ."

आरे-वारेच्या चढावर
डावीकडे सगळा समुद्र उघडा पडलेला,
आणि एक माणूस बोलू लागला
इतक्या स्वच्छ, इस्त्रीच्या मराठीत
की त्याच्या घरी कधी पंचवीस तारखेला गॅस संपला नसावा:
पगार आला की आधी स्वतःला द्या.

मागून शिवलकर म्हणाले, "स्वतःला म्हणजे कोणाला?
माझ्याकडे स्वतः सात आहेत,
त्यातला एक तर नुसता बसूनच असतो."
गणपतीपुळ्याच्या फाट्यापर्यंत हसत होतो.

मग तो म्हणाला, भिशी म्हणजे भाबडेपणा,
परतावा शून्य, हमी शून्य.
वृंदा भाटकरने काच खाली केली
आणि वारा एवढा आत घेतला
की त्याची पुढची दोन वाक्यं
शिवलकरांच्या टोपीबरोबर मागच्या काचेवर जाऊन आपटली.
"बारा बायका आहोत," ती बाहेर बघत म्हणाली,
"कांचन गेली तेव्हा तिचा नंबर सातवा होता.
पहिला उचलून तिच्या पोराच्या हातात दिला.
विचार त्याला, हे कुठल्या रकान्यात टाकू?"
विचारणार कसं. तो थांबतच नव्हता.
मग वळण आलं, रेंज गेली,
स्क्रीनवर नुसतं चाक गोल गोल.

जयगडला फेरी लागलेलीच होती.
आधी टेम्पो, मग आम्ही, मग दोन बाईक,
शेवटी मांडीएवढा फणस खांद्यावर घेतलेला एक म्हातारा.
तिकीट तन्वीरने रोख काढलं.
"नंतर बघू," म्हणाला.
चार वर्षं चालू आहे आमचं नंतर बघू:
चहाचं, रिक्षाचं,
शिवलकरांच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळचं बारा हजारांचं.
कुठे लिहिलेलं नाही.
आम्ही, जे बर्फाची लादीन् लादी लिहून ठेवतो,
वितळलेलीसुद्धा.

खाडीच्या मध्यावर रेंज आली, तोही आला.
आता मला थांबवा, म्हणाला.
तुमचा महिन्याचा आकडा मोठ्याने म्हणा.
आकड्याला लाजाल तर तो तुम्हाला लाजवेल.

तन्वीरने खरंच थांबवलं.
इंजिनाची धडधड पायातून वर येत होती.
पहिले बोलले शिवलकर, घसा खाकरून,
मग वृंदा, चटकन, दात काढून घेतल्यासारखं.
मग तन्वीर.

माझं आणि तन्वीरचं टेबल एक.
रजिस्टर एक, पेन बहुतेक वेळा माझं,
चुकाही साधारण एकाच जातीच्या.
त्याचा आकडा माझ्यापेक्षा साडेचार हजारांनी मोठा होता
आणि तो माझ्या दोन वर्षं मागून लागलाय.

खोटं बोलता आलं असतं.
तीन-चार हजार वाढवून सांगायचे,
त्याने पलीकडे गाडी उतरवली असती, संपलं असतं.
मी खरा सांगितला.
म्हाताऱ्याने फणस या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

तवसाळला फळी दाणकन खाली आली.
पॉडकास्ट कोणी लावला नाही.
हेदवीपर्यंत फक्त गिअरचा आवाज,
आणि एकदा वृंदाने विचारलं, चकली कोणाला?

मग तन्वीर, रस्त्यावरची नजर न काढता:
"सोमवारी साहेबांकडे जाशील तेव्हा मी येतो."
"मी जाणार कोण म्हणालं?"
"जाशील."
"आणि तू कशाला?"
"माझी पगाराची स्लिप लागेल ना, दाखवायला."

गुहागरला चहा घेतला. पैसे मी दिले.
नंतर बघू म्हणायला कोणी तोंड उघडलं नाही,
शिवलकरांनी तर कप दोनदा भरून घेतला.
धोपाव्याला पोचलो तेव्हा
फेरी पलीकडे दाभोळला होती,
अजून सुटायची होती.